पांढऱ्या पोटाचा ट्रक

कल्पना करा, तुम्हाला एक ट्रक बनवायचा आहे. खरा नव्हे, मांडीवर मावेल एवढा. पण दिसायला अगदी खऱ्यासारखा. लष्कराचा तीन टनी, मागे ताडपत्रीचं छप्पर असलेला. तुमच्याजवळ घासलेटच्या रिकाम्या डब्याचा पत्रा आहे, एक कातर आहे, कथलाची कांडी आणि नवसागराचा खडा आहे. झाळायला, म्हणजे कथलानं सांधे जोडायला, चुलीत तापवायचा एक तांब्याचा ठोकळा आहे. मोडक्या छत्रीच्या काड्या वाकवून छपराच्या कमानी करता येतील. झिजलेल्या टायरच्या वहाणा कापून चाकांची रबरं निघतील. मागच्या फळीला लागणाऱ्या साखळ्या जुन्या टांगत्या कंदिलाच्या साखळीतून मिळतील. जुन्या धोतराचा तुकडा बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळला की ताडपत्रीचा रंग येतो.

आता असं धरा की त्या ट्रकचा फोटो तुमच्याजवळ नाही. तो ट्रक तुम्ही आयुष्यात एकदाच पाहिलाय, एक विडी ओढून होईल इतकाच वेळ, आणि त्यालाही दहा वर्षं होऊन गेलीत. आणि थोडं इकडेतिकडे झालं तर चालणार नाही. कारण हा ट्रक शोभेसाठी नाही. तो पोत्यात घालून तुम्ही अनोळखी माणसांपुढे ठेवणार आहात आणि त्यांना विचारणार आहात, “असा ट्रक तुम्ही कुठं पाह्यला का?”

जालन्यात राहणारे रायभानमामा हे काम करत होते. दिवसभर गोपीकिशन शेठच्या भंगाराच्या वखारीत लोखंड तोडायचं, उचलायचं, रचायचं. आणि घरी येऊन, पाठ भिंतीला टेकवून, हा ट्रक पुढे घ्यायचा. दोन-तीन महिने हात लागायचा नाही असंही व्हायचं. मग पुन्हा लागायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते त्या वखारीतच. साल अठ्ठावन्न. ओव्हरसीअरचा डिप्लोमा घेऊन मी जालन्याला रस्त्याच्या कामावर रुजू झालो होतो, आणि रोलरच्या एका पिनेसाठी जाड सळई शोधत वखारीत शिरलो होतो. तिथे एका कोपऱ्यात लष्करानं डिस्पोजलमध्ये विकायला काढलेला ट्रक उभा होता. उभा म्हणजे काय, विटांवर टेकवलेला. चाकं आणि मागचा धुरा, म्हणजे दोन चाकं जोडणारा आस, आधीच काढून विकले गेले होते. त्या वेळी बैलगाडीला रबरी चाकं बसवायची टूम निघाली होती आणि अशा धुऱ्यांना चांगली मागणी होती. त्या ट्रकच्या सावलीत पन्नाशीकडे झुकलेला एक वाळका माणूस उकिडवा बसून ट्रकचं दार हातानं मोजत होता. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, दुसरा हात, मग उरलेली वीत. मोजून झालं की जमिनीवरच्या पत्र्यावर तेवढी बोटं टेकवून खिळ्यानं रेघ ओढत होता.

“ओव्हरसीअर साहेब,” शेठ गादीवरून म्हणाले, “लोकं ट्रक तोडून पोट भरते, आणि हा आमचा रायभान ट्रक बनवून भुका राहते. विचारा त्याला, पेट्रोल किती लागते म्हणून.”

“शेठ, तुमच्या तराजूला लागतं त्याच्याहून कमी,” रायभानमामा मान वर न करता बोलले. शेठ खो खो हसले. दोघांचं असंच चालत असावं.

मी जवळ जाऊन बसलो. खऱ्या ट्रकच्या एका हाताला छोट्या ट्रकचं एक बोट, असं त्यांचं माप होतं. माझ्या डोक्यात लगेच हिशेब झाला: हातात चोवीस बोटं, म्हणजे चोवीसास एक हे प्रमाण. हे मी मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “आसंल. मला पट्टी वाचता येत न्हाई, म्हणून बोट.” आणि पुन्हा मोजायला लागले.

त्यांचं एक चुकत होतं. चारही चाकं त्यांनी एकेक करून झाळली होती, त्यामुळे ट्रक एका बाजूला लंगडत होता. मी सांगितलं की आधी धुरा सरळ बसवा, त्यात दोन्ही चाकं ओवा, झाळायचं शेवटी. त्या निमित्तानं मी त्यांच्या घरी जाऊ लागलो, आणि ट्रक कशासाठी चाललाय ते मला हळूहळू कळलं.

रायभानमामा धनगर. वाटूरच्या बाजूला त्यांची वस्ती होती, पन्नास-साठ मेंढरं होती. धाकटा भाऊ मच्छिंद्र विशीचा. अठ्ठेचाळीस साली पोलिस ॲक्शन झालं त्या भाद्रपदात, पावसाची झड उघडल्यावर, दोघे भाऊ मेंढरं घेऊन सडकेच्या कडेला होते. लष्कराच्या गाड्यांची रांग आधीच पुढे गेली होती. मागून एकच ट्रक आला आणि थांबला. पुढच्या ओढ्याला पाणी चढलं होतं. ट्रकमधल्या शिपायांना उतार कुठे आहे ते माहीत नव्हतं. त्यांनी खुणा करून, हिंदीत बोलून विचारलं, कोणी वाट दाखवील का.

“मी काय म्हणायच्या आदुगर ह्यो उठला बी,” मामा सांगत. “मोटारीत कधी बसला न्हव्हता ना. म्हणला, दादा, सांजच्याला येतो माघारी. एका शिपायानं हात दिला आन वर घेतला. मागच्या फळीपाशी, कमानीला धरून हुभा राह्यला. हासून राह्यल्ता.”

संध्याकाळी मच्छिंद्र आला नाही. दुसऱ्या दिवशी रायभानमामा ओढ्यापर्यंत चालत गेले. चाकांच्या ताज्या खुणा पाण्यात उतरल्या होत्या आणि पलीकडे बराबर चढल्या होत्या. म्हणजे ट्रक पार झाला होता. पुढच्या गावांत विचारलं. कोणी म्हणालं, असा पोरगा ट्रकमध्ये बसलेला पाहिला. कोणी म्हणालं, नाही. त्यानंतर मच्छिंद्र कोणाला दिसला नाही. तो उतारापाशी उतरला आणि परतीच्या वाटेत त्याला काही झालं, की हौसेनं तसाच पुढे गेला, कुठे आजारी पडला, कुठे कामाला राहिला, कोणालाच सांगता येईना. त्या दिवसांत सगळा मुलूखच उलटापालटा झाला होता. मामा मेंढरं विकत विकत दोन वर्षं हिंडले. मेंढरं संपली. मग जालन्यात भंगाराच्या वखारीत लष्कराचा ट्रक आलाय असं ऐकून आले आणि इथेच राहिले.

ते कचेऱ्यांमध्येही जाऊन आले होते. तिथे प्रत्येकानं एकच विचारलं: ट्रक कोणत्या पलटणीचा? मामा सांगत, “पांढऱ्या पोटाचा.” मच्छिंद्रला घेऊन ट्रक दूर जाऊ लागला तेव्हा त्यांना मागून, खाली, दोन चाकांच्या मधोमध एक गोल पांढरा डाग दिसला होता. चुन्यासारखा स्वच्छ. तेवढी खूण त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

ह्यात त्यांचं धनगरपण होतं. कळपाची खूण मेंढराच्या मागच्या पुठ्ठ्यावर असते. कोणाची गेरूची, कोणाची काजळीची, कोणाची दोन पट्ट्यांची. राखणारा माणूस नेहमी कळपाच्या मागे चालतो, त्यामुळे मेंढरू मागूनच ओळखायचं असतं. दहा कळप एका पाणवठ्यावर मिसळले तरी पुठ्ठे पाहून ते वेगळे करता येतात. तेव्हा पांढऱ्या डागाचा ट्रक एका मालकाचा, एका पलटणीचा असणार, ह्याबद्दल त्यांना बिलकुल शंका नव्हती. लोकांना फक्त तो नीट दाखवता आला पाहिजे होता. तोंडानं सांगितलं की लोक हसत. म्हणून ट्रक.

घरी त्यांची बायको गोपिकाबाई होती, आणि मच्छिंद्रची बायको जयवंताबाई. तिचं लग्न त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झालं होतं. आता ती तिशीला आली होती. गोपिकाबाईंबरोबर जिनिंग फॅक्टरीत सरकी निवडायला जायची. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही ही रीत ती पाळायची, पण त्यामुळे तिचं काही बोलायचं राहत नसे.

“आक्का,” ती चुलीपाशी बसून जावेला म्हणायची, “भावजींना इचारा, ट्रकला आजून काय लावायचं राह्यलंय. माझ्या डोस्क्यात पांढरा केस निघालाय, लागत आसंल तर देते.”

“अवो, आयकलं का?” गोपिकाबाई.

“आयकलं,” मामा पत्रा कापता कापता म्हणत. “तिला म्हण, दोरीला लोकर हाय. केस ऱ्हाऊ दे.”

“तिला म्हण काय, ती इथंच बसलीय दोन हातावर. मी काय टपाल हाय का?”

ह्या थट्टेखाली एक गोष्ट होती आणि ती तिघांनाही ठाऊक होती. त्यांच्यात नियम असा की माणूस बारा वर्षं सापडला नाही तर तो गेला असं धरायचं. पिठाचा पुतळा करून त्याचे सगळे विधी उरकायचे. मग त्याची बायको मोकळी, तिचा पाट लावता येतो. वाटूरच्या पुंजाराम नावाच्या विधुरानं जयवंताबाईसाठी विचारणाही केली होती. माणूस बरा होता. साठ सालच्या भाद्रपदात बारा वर्षं पुरी व्हायची होती. त्याच्या आत मच्छिंद्रचं काहीतरी पक्कं कळावं, एवढीच रायभानमामांची धडपड होती. जिवंत भावाचा पुतळा आपल्या हातानं जाळला असं पुढे कधी निघालं, तर काय, ह्या विचारानं त्यांना धड झोप लागत नसे.

जयवंताबाई काय म्हणायची ते मी एकदाच ऐकलं. गोपिकाबाईंनी तिला माझ्यासमोरच विचारलं होतं. “हाय म्हणलं तरी चालंल,” ती म्हणाली, “न्हाई म्हणलं तरी चालंल. मधलं न्हाई चालत आता. मधल्यानं दमायला व्हतंय.”

एकोणसाठच्या हिवाळ्यात ट्रक पुरा झाला. मी बरीच यंत्रं पाहिली आहेत, पण ती वस्तू हातात घेतल्यावर मला काही वेळ खाली ठेववेना. मागची फळी साखळ्यांवर खाली पडायची आणि पुन्हा लागायची. कमानींवरची ताडपत्री लोकरीच्या पिळलेल्या दोरीनं खालच्या आकड्यांना बांधलेली होती, आणि एक आकडा मुद्दाम वाकवलेला होता, कारण त्या दिवशी तो वाकलेला होता. चाकांच्या रबरावर चाकूनं नक्षी कोरली होती. पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक ठेवून कमानपाटे केले होते. आणि मागच्या धुऱ्याच्या मधोमध कथलाचा एक गोळा होता, त्याला चुना लावलेला. पुढचा भाग मात्र साधा होता. वखारीतला ट्रक पाहून तो केला होता. दोन दिवे, जाळी, बंपर. बस्स.

“आता शहागडला जायाचं,” मामा म्हणाले.

शहागडला गोदावरीच्या काठी सडकेवर ट्रक थांबत. डायव्हर लोक चहा प्यायला, अंघोळीला उतरत. त्यांच्यातले काही आधी लष्करात होते असं मला माहीत होतं, माझ्या कामाची खडी ते वाहत. एका रविवारी आम्ही दोघे अंबडवरून जाणाऱ्या एसटीनं निघालो. ट्रक पोत्यात गुंडाळून मामांच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, “काय हाय त्यात, कोंबडी?” मामा म्हणाले, “ट्रक हाय.” कंडक्टर म्हणाला, “मंग आम्हीच तुमच्यात बसायला पायजे व्हतं,” आणि पुढे गेला.

हॉटेलच्या बाकड्यावर मामांनी पोतं सोडलं तशी माणसं जमली. एकानं दार उघडून पाहिलं. दुसरा म्हणाला, “मामा, लायसन काढलं का न्हाई?” तिसऱ्याला आपल्या पोरासाठी तो विकत हवा होता. मामा सगळ्यांना तेच विचारत होते आणि सगळे तीच मान हलवत होते. शेवटी मी ज्याच्यासाठी थांबलो होतो तो भुजंग आला. नगरकडचा, जाड मिशांचा, लढाईच्या काळात आणि नंतरही लष्करात ट्रक चालवलेला. त्यानं हात धोतराला पुसले आणि ट्रक दोन्ही हातांनी उचलला.

“आयला,” तो म्हणाला, “आकडासुद्धा वाकलेला! अशीच असायची माझी गाडी.” त्यानं ट्रक उलटा केला, कमानपाटे मोजले, चाकं फिरवली. मामा त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना इतकं ताठ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“हे पांढरं?” भुजंगनं कथलाच्या गोळ्यावर बोट ठेवलं.

“ती वळख हाय,” मामा म्हणाले. “पांढऱ्या पोटाचा. कोन्या पलटणीचा, सांगता का?”

भुजंगनं माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. “मामा, हे तर साऱ्यांना असतंय.”

“साऱ्यांना?”

“झाडून साऱ्या गाड्यांना. अंधारात दिवे बंद करून लायनीत चालायचं. मागचा डायव्हर पुढची गाडी कशी बघणार? म्हणून मागच्या धुऱ्याच्या डिफरन्सलवर, ह्या गोळ्यावर, पांढरा रंग आणि खाली एक बारीक दिवा. त्या गोळ्याकडं बघत बघत मागून यायचं. माझ्या गाडीला होतं, माझ्या म्होरच्याच्या गाडीलाबी होतं.”

“साऱ्या पलटणीला एकच खूण?”

“एकच.”

मामांनी चुन्याच्या गोळ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “मेंढराला आसं नसतंय.”

कोणी हसलं नाही. भुजंगनं ट्रक सरळ केला आणि पुढून डोळ्यांसमोर धरला. “वळख पुढं असते, मामा. बंपरवर, डाव्या बाजूला. एक चौकोन असतो रंगाचा, त्याच्यावर दोन आकडे. ते सांगा, मग पलटण सापडती. पलटण सापडली की रेकॉर्डवाल्यांकडनं कोण डायव्हर होता तेबी निघंल. इथं काय होतं?”

“म्होरून म्या पाह्यलाच न्हाई,” मामा म्हणाले. “मेंढरं सावरीत व्हतो. तोंड वर केलं तवा त्यो म्होरं जाऊन हुभा राह्यल्ता.”

परतीच्या एसटीत ट्रक पुन्हा त्यांच्या मांडीवर होता. अंबड मागे पडल्यावर एकदम म्हणाले, “सायब, मी आकरा वर्सं घालून साऱ्याच ट्रकांचा एक ट्रक केला.” त्यांनी पोत्याची गाठ पुन्हा बांधली, ती सुटली नव्हती तरी.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. गोपिकाबाईंनी विचारलं, “काय म्हणले?” मामांनी पोतं भिंतीशी ठेवलं आणि थोडक्यात सांगितलं. खूण साऱ्यांना असते. खरी खूण पुढे असते. पुढून कोणी पाहिलेलं नाही. जयवंताबाई दाराशी बसून राखेनं भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

“म्या पाह्यलाय,” ती म्हणाली.

ती आक्काशी बोलली नव्हती. सरळ मामांशी बोलली होती. गोपिकाबाईंच्याही ते लक्षात आलं.

“सडकंच्या कडंला, आपल्या वस्तीच्या वर, म्या गवताचा भारा घेऊन येत व्हते. त्यो ट्रक समोरून आला. मागनं कमानीला धरून, भाईर वाकून ह्ये व्हते. मला बघितलं आन वरडले, ‘जयवंते, मोटारीत बसलो बघ!’ त्या शिपायांसमोर. नाव घेऊन.” तिनं ओल्या हातानं पदर सारखा केला. “म्या लाजून खाली बघितलं. डोक्यावर भारा, वर बघायचं कसं? तवा लोखंडाचा पट्टा दिसला म्होरला. आन त्याच्यावर हिरवा चौकोन.”

मामा उठून तिच्यापाशी आले, दोन हात अंतर ठेवून बसले. “आकडे?”

“मला आकडे येत न्हाईत. एक विळ्यावानी व्हतं. पांढरं.” तिनं समोरच्या राखेत बोटानं काढलं. वर आडवी रेघ, मग खाली तिरपी. मी पाहिलं, इंग्रजी सात होता तो. किंवा सातासारखा.

“दुसरा?”

“विळ्याच्या उजव्या अंगाला चिखल व्हता. लय उडाल्ता. आन मंग ट्रक गेला म्होरं.”

“आगं, मंग आधी का न्हाई सांगितलंस?” गोपिकाबाई कळवळून म्हणाल्या. “एवढी वर्सं?”

“कोणी इचारलं?” जयवंताबाई म्हणाली. “आन रस्त्यात नवऱ्यानं नाव घेऊन हाका मारल्या, ही काय भावजींना सांगायची गोष्ट हाय? मला वाटलं, ते पांढरं हुडकून राह्यलेत तर त्याच्यातच काय तरी आसंल.”

मामांनी तिला दोष दिला नाही. रागावण्याइतका जोर त्यांच्यात उरला नव्हता, किंवा त्यांना तो दोष वाटलाही नसेल. त्यांनी राखेतला विळा पुसू दिला नाही. गोपिकाबाईंनी त्याच्यावर पाटी पालथी घातली, आणि सकाळी उजेडात मामांनी तो पाहून पाहून पत्र्याच्या बंपरवर उतरवला. हिरवा रंग मी रोलरच्या डब्यातला दिला. चौकोनात डावीकडे विळा आला. उजवीकडची जागा त्यांनी हिरवीच ठेवली. मी म्हणालो, तिथे चिखल लावा, जसा होता तसा. ते म्हणाले, “नको. चिखल आला की लोक इचारत न्हाईत.” पोटाचा चुना मात्र त्यांनी तसाच ठेवला. साऱ्यांना असतो म्हणून काढायचा, असं त्यांना वाटलं नाही.

भुजंगला पुन्हा भेटलो. त्यानं हिरव्या चौकोनावर नख टेकवलं. “सात पहिला. म्हणजे सत्तरपासून एकोणऐंशीपर्यंत काहीही. ह्यातल्या किती पलटणी तर लढाईनंतर मोडल्या, किती एकात एक झाल्या. दोन्ही आकडे नसले तर रेकॉर्डवाले कागद हातात घेणार न्हाईत, मामा. ते तरी काय करतील? पण आता दहावर आलं. आधी तर साऱ्या मुलखात शोधत होता.”

“दहावर आलं,” असं मामा घरी येऊन गोपिकाबाईंना म्हणाले. आणि जयवंताबाईलाही म्हणाले, सरळ. त्या दिवसापासून ती दोघं एकमेकांशी बोलतात. कमीच बोलतात, कामापुरतं. पण मध्ये टपाल लागत नाही.

हे लिहितो आहे तेव्हा साठ सालचा श्रावण चालू आहे. गेल्या आठवड्यात पुंजारामच्या घरचे दोन वडीलधारे जालन्याला येऊन गेले. भाद्रपदात बारा वर्षं होतात, मग पुतळ्याचं उरकून घ्यावं, असं त्यांनी चहा पीत पीत नीट समजुतीनं सांगितलं. मामा खाली मान घालून ऐकत होते. जयवंताबाई आतून बाहेर आली आणि म्हणाली, “पुतळा करायचा तर करू. मी न्हाई म्हणत न्हाई. पण भावजींचं बघून हुईस्तोवर थांबा. त्यांचं बघणं आर्धं हाय.” पाहुणे म्हणाले, भाद्रपद सरेपर्यंत थांबतो, पुढे नाही. ह्यात कोणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

रायभानमामा आता दर रविवारी शहागडला जातात. मी कधी असतो, कधी नसतो. ते फार थकले आहेत. एसटीतून उतरताना दांडा धरून थोडा वेळ थांबतात. हॉटेलवाल्यानं त्यांच्यासाठी बाकड्याचं एक टोक मोकळं ठेवायला सुरुवात केली आहे. पूर्वी ते ट्रक आडवा ठेवत, मागचा भाग माणसांकडे करून. आता पुढचा भाग सडकेकडे करून ठेवतात. नगरचे, बीडचे, औरंगाबादचे डायव्हर येतात, चहाचा कप हातात घेऊन वाकून बघतात, कोणी फळी उघडून लावतो, कोणी आपल्या पलटणीची एखादी आठवण सांगतो. मामा सगळं ऐकून घेतात. मग बंपरवरच्या रिकाम्या हिरव्या जागेवर बोट ठेवतात आणि प्रत्येकाला तेच विचारतात:

“आठवून सांगा हो, ह्या विळ्याच्या बाजूला कोनता आकडा व्हता?”